सिली मिस्टेक नावाची पळवाट

प्रवेशपरीक्षेच्या पेपरात सगळ्यात जास्त डोकं लढवलेलं असतं ते चुकीच्या पर्यायांवर. बरोबर उत्तर एकच असतं, ते प्रश्नातूनच निघतं, त्यात फारशी करामत नाही. खरी करामत उरलेल्या तिघांत. हे बघा: ३क्ष + ६ = २१ असेल, तर क्ष + २ किती? उत्तर ७. पण पर्यायांत ५ असतोच असतो, कारण क्षची किंमत ५ येते आणि ती आली की हात आपोआप तिकडे वळतो. सहा पलीकडे नेताना चिन्ह बदलायचं राहिलं तर क्ष येतो ९. तोही पर्यायांत हजर. आणि चिन्ह चुकवूनसुद्धा शेवटचे दोन इमानदारीत मिळवणाऱ्यासाठी ११ मांडून ठेवलेला. म्हणजे चारही पर्यायांना कोणी ना कोणी गिऱ्हाईक आहे.

माझ्या भाचीनं ५ वर खूण केली होती. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "अगं मावशी, सिली मिस्टेक आहे ती. मला येतं हे."

येतं हे मलाही दिसत होतं. तिला याच्या चौपट अवघड गणितं येतात. पण त्याच पेपरात आणखी दोन ठिकाणी तिनं हेच केलं होतं: विचारलेली त्रिज्या, लिहिलेला व्यास, विचारलेली उरलेली टक्केवारी, खूण संपलेल्या टक्केवारीवर. तिन्ही वेळा गणित बरोबर, तिन्ही वेळा उत्तर चूक आणि तिन्हीपुढे तिचा शेरा एकच. सिली मिस्टेक. जणू ही चूक तिची नव्हतीच, वाटेनं जाता जाता तिच्या पेपरात शिरली होती.

एसएटी म्हणजे अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या प्रवेशासाठीची परीक्षा. भाचीच्या त्या तयारीत मी आले ती ताईच्या सांगण्यावरून. "तू बस ना तिच्याबरोबर, तुझं ऐकते ती," असं ताई म्हणाली, त्यात माझं कौतुक कमी आणि तिची हतबलता जास्त होती. सतरा वर्षांच्या मुलीला आईनं "किती आले?" विचारलं की ती चौकशी होते. तेच मावशीनं विचारलं की गप्पा. गणित मला तिच्याइतकं येत नाही आणि ते दोघींनाही ठाऊक होतं. माझा व्यवसाय मुद्रितशोधनाचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका वाचायच्या, त्याचेच पैसे मिळतात. या कामात एक गोष्ट फार लवकर कळते: माणसं चुका वाटेल तशा करत नाहीत, सवयीनं करतात. एखाद्याचं ऱ्हस्व-दीर्घ कायम ठरावीक शब्दांतच गडबडतं. दुसऱ्याचं वाक्य लांबलं की कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी होऊन बसतं. सुरुवातीची काही पानं वाचली की पुढे डोळे कुठे ताणायचे ते समजतं.

परीक्षेच्या चुकांचंही तसंच असणार, एवढ्या भांडवलावर मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली.

आम्ही एक वही केली. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासाठी तिनं दोन-तीन ओळी लिहायच्या. बरोबर रीत लिहायची नाही, ती उत्तरसूचीत छापलेली असतेच. खूण करताना डोक्यात काय होतं, ते लिहायचं. आणि ‘सिली मिस्टेक’ हे दोन शब्द त्या वहीत लिहायला बंदी. पहिल्या दिवसांत तिला हे भयंकर वाटलं. "मला काय माहीत काय होतं डोक्यात? चुकलं!" हे उत्तर मी पुष्कळदा ऐकलं. ते खोटंही नव्हतं. आपण चुकतो त्या क्षणी आपण बरोबर असल्यासारखंच वाटत असतं, त्यामुळे मागे वळून तो क्षण सापडणं अवघड. घाईनं पुन्हा सोडवलं की उत्तर बरोबर येतं, जीव भांड्यात पडतो आणि आधीचा चुकीचा रस्ता पुसला जातो. तो पुसला जायच्या आत पकडायचा, एवढंच वहीचं काम.

वाचनाच्या प्रश्नांत हे जास्त मजेचं होतं. आताच्या एसएटीत लांबलचक उतारे गेले. पंचवीस ते दीडशे शब्दांचा एक तुकडा आणि त्यावर एकच प्रश्न. समजा उताऱ्यात आहे की एका शास्त्रज्ञाला प्रयोगात मधमाश्या निळ्या फुलांकडे जास्त वेळा जाताना आढळल्या. प्रश्न: या उताऱ्यातून कोणता निष्कर्ष निघतो? एक पर्याय म्हणणार, मधमाश्या परागीभवनासाठी महत्त्वाच्या आहेत. जगात हे खरं आहे, उताऱ्यात मात्र नाही. दुसरा म्हणणार, मधमाश्या नेहमी निळीच फुलं निवडतात. उताऱ्यात ‘जास्त वेळा’ आहे, ‘नेहमी’ नाही. तिसऱ्याचा पूर्वार्ध अगदी चोख आणि उत्तरार्धात नसलेलं कारण चिकटवलेलं. आणि बरोबर उत्तर बिचारं इतकं मिळमिळीत की त्याच्यावर खूण करायला हात धजत नाही: त्या प्रयोगातल्या मधमाश्यांचा कल निळ्याकडे दिसला. बस.

माझ्या भाचीला जगात खरी असलेली उत्तरं आवडतात. हुशार मुलांना आवडतातच, कारण त्यांना जग थोडंफार माहीत असतं. वहीत हे पुन:पुन्हा यायला लागलं: ‘हे मला आधीपासून माहीत होतं म्हणून.’ शेवटी एका संध्याकाळी तिनंच स्वतःवर हसत लिहिलं, ‘परत माझं ज्ञान मध्ये आलं.’ त्या वाक्यानंतर तिला माझी गरज निम्म्यानं कमी झाली असावी. ताईला वाटत होतं, अजून काहीच सुरू झालेलं नाही, कारण नवा धडा कुठला शिकवलेलाच नव्हता.

या शेजारी बसण्यात सगळ्यात कठीण काय असेल तर गप्प राहणं. मूल अडकलेलं दिसतं, उत्तर आपल्या जिभेवर असतं, आणि आपण ‘अगं ते बघ ना’ म्हणून मोकळे होतो. अमेरिकेतल्या मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक थांबतात सरासरी एखादा सेकंद. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद! वाचायला किती किरकोळ. पेपर समोर ठेवून, घड्याळ चालू असताना, सतरा वर्षांच्या मुलीकडे बघत तीन सेकंद काहीही न बोलता बसून बघा. मी पेन्सिलीला टोक करायला लागले, तेवढाच हाताला चाळा.

मुलांना तयारी म्हणजे वाचन वाटतं. रंगीत पेननं अधोरेखन, नोट्स, सूत्रांचे कागद भिंतीवर. यातलं बरंचसं मनाला बरं वाटण्यासाठी असतं. रोडिगर आणि कार्पिके या दोघा मानसशास्त्रज्ञांचा २००६चा एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन:पुन्हा वाचला. काहींनी तो वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन:पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आणि खरी गंमत पुढेच आहे: आपल्या लक्षात राहील असा भरवसा पुन:पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. भिंतीवरच्या सूत्रांबद्दल माझा संशय तेव्हापासूनचा. रोज नजरेखालून जाणारी गोष्ट ओळखीची होते, तिची आपल्याला सवय होते, आणि या सवयीलाच आपण ‘येतं’ म्हणतो. आम्ही ते कागद उतरवले. ताईनं ते जपून घडी करून ठेवले, का ते तिलाच ठाऊक.

एकदा चिडून भाचीनं विचारलं, "पण ही परीक्षा काढली कोणी?"

प्रश्न रागानं विचारला असला तरी चांगला होता आणि त्याचं उत्तर वहीशी जुळणारं निघालं. पहिली एसएटी झाली जून १९२६मध्ये. आठ हजारांच्या आसपास मुलं बसली. साधारण दीड तासात ३१५ प्रश्न. म्हणजे प्रश्नामागे वीस सेकंदही नाहीत. ती बसवणारा माणूस कार्ल ब्रिगम, प्रिन्स्टन विद्यापीठातला मानसशास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यभरतीसाठी ज्या बुद्धिचाचण्या घेतल्या, त्यांच्या आकड्यांवरून या गृहस्थांनी आधी असा निष्कर्ष काढला होता की काही वंश जात्याच हुशार आणि काही जात्याच कमी. त्या निष्कर्षाचा उपयोग बाहेरून येणाऱ्यांना अडवू पाहणाऱ्या राजकारणानं करून घेतला. पुढे १९३०मध्ये ब्रिगमनी स्वतःच छापून जाहीर केलं की आपल्या त्या अभ्यासाला काही आधार नव्हता. परकी भाषा आणि परका परिसर यांची मोजदाद त्यांनी बुद्धी म्हणून केली होती. म्हणजे तीच चूक. विचारलं एक, मोजलं भलतंच.

भाचीला हे ऐकून जो आनंद झाला तो इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हता.

पण परीक्षा तेवढ्यावर सुधारली असं नाही. जुन्या एसएटीत शब्दांच्या जोड्यांचे प्रश्न असत. त्यातला एक पुढे फार गाजला: धावपटूचं मॅरेथॉनशी जे नातं, ते कोणाचं कशाशी? बरोबर उत्तर होतं, वल्हेकरी आणि रेगाटा. रेगाटा म्हणजे होड्यांच्या शर्यतींचा मेळावा. ज्याच्या घरादारात, शाळेत होड्यांच्या शर्यती होतात त्याला हा प्रश्न म्हणजे वाटेत पडलेले गुण. ज्यानं ‘रेगाटा’ कधी ऐकलंच नाही, त्याची तर्कबुद्धी कितीही तल्लख असली तरी तो शेजारच्या ‘पंच आणि स्पर्धा’ वर जाणार. २००५मध्ये जोड्यांचे प्रश्नच काढून टाकले गेले. म्हणून वहीत आम्ही आणखी एक सोय ठेवली. प्रामाणिकपणे शोधूनही आपली चूक सापडली नाही, तर तसं लिहायचं: ‘मला हा संदर्भ माहीत नव्हता.’ सगळ्या चुका मुलाच्याच नसतात. काही पेपर काढणाऱ्याच्या जगातून आलेल्या असतात, आणि त्यांचा भार मुलाच्या आत्मविश्वासावर टाकण्यात काही अर्थ नाही.

आताची परीक्षा मात्र ब्रिगमनी ओळखली नसती. पेन्सिलीनं गोळे भरणं संपलं. त्या गोळ्यांचीही एक गोष्ट आहे. शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते हे हेरून रेनॉल्ड जॉन्सन नावाच्या एका शाळामास्तरांनी उत्तरपत्रिका तपासायचं यंत्र जुळवलं. आयबीएमनं ते विकत घेतलं आणि १९३८मध्ये बाजारात आणलं. त्याच मास्तरांनी पुढे आयबीएममध्ये संगणकाची हार्ड डिस्क घडवली. असो. परीक्षा आता पडद्यावर असते: अमेरिकेबाहेर २०२३पासून, अमेरिकेत २०२४पासून. ९८ प्रश्न, २ तास १४ मिनिटं. भाषेचे दोन भाग, गणिताचे दोन भाग. पहिल्या भागात तुम्ही कसं केलंत यावर दुसरा भाग सोपा यायचा की अवघड ते ठरतं.

या शेवटच्या गोष्टीनं मुलांचं जे डोकं फिरतं ते विचारू नका. दुसऱ्या भागातला पहिला प्रश्न सोपा वाटला की छातीत धस्स. "मावशी, सोपा भाग आला म्हणजे माझी वाट लागली ना?" परीक्षा देता देता स्वतःचा निकाल वाचायचा प्रयत्न चाललेला. त्यात प्रत्येक भागात दोन असे एकूण आठ प्रश्न नुसते पारखायला घातलेले असतात, त्यांचे गुण धरतच नाहीत. कोणते, ते सांगत नाहीत. त्यामुळे एखादा प्रश्न अगदीच विचित्र वाटला तर तो त्या आठांतला असू शकतो, नसूही शकतो. या माहितीचा उपयोग एकच: विचित्र प्रश्नाशी मिनिटं घालवायची नाहीत, काहीतरी खूण करून पुढे जायचं.

खूण मात्र करायचीच. २०१६पर्यंत एसएटीत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जायचा, तो नियम गेला. आता कोरं सोडणं म्हणजे निव्वळ नुकसान. निगेटिव्ह मार्किंगची धास्ती ज्या घरांत मुरलेली आहे तिथे हे पचायला वेळ लागतो. जेईई मेनमध्ये बरोबरला ४ आणि चुकीला वजा १. त्यामुळे ‘येत नसेल तर सोड’ हे आईबापांच्या तोंडी बसलेलं वाक्य. आता त्याचाही हिशेब करून बघा. चार पर्याय, डोळे मिटून खूण केली तर चारात एकदा चार गुण मिळणार, तीनदा एकेक जाणार: चार खुणांमागे एक गुण पदरात. एक पर्याय खात्रीनं खोडता आला तर तिनात एकदा चार, दोनदा वजा एक: तीन खुणांमागे दोन. म्हणजे कडक समजल्या जाणाऱ्या नियमातसुद्धा एखादा पर्याय खोडता आला की खूण करणं सरासरीनं फायद्याचं. मुलं गणित जन्मभर शिकतात आणि परीक्षेच्या नियमांचं गणित कधी मांडत नाहीत. अर्थात सरासरी ही शंभर वेळा खेळणाऱ्याची सोबत करते, एकदाच खेळणाऱ्याला ती दगा देऊ शकते, हेही भाचीनंच मला सुनावलं.

तो तिढा गुणांच्या बाबतीतही येतो. सराव परीक्षेचा आकडा आला की ताई तो आधीच्या आकड्याशेजारी मांडायची. वीस वाढले की घरात हवा हलकी, तीस घटले की ताईचा फोन: "अगं, खाली चाललीय ती." खाली-वर काही चाललेलं नव्हतं. एसएटीच्या भाषा आणि गणित या दोन विभागांत प्रत्येकी २०० ते ८०० गुण, आणि परीक्षा घेणारी संस्था स्वतःच सांगते की तोच विद्यार्थी, काही न शिकता न विसरता, पुन्हा बसला तर एका विभागात तीसेक-चाळीस गुण इकडे-तिकडे व्हायचेच. वजनकाट्यावर उभं राहून, उतरून, पुन्हा उभं राहिलं की आकडा जरा हलतो, तेवढंच हे. पण काट्यावरच्या हलत्या आकड्यावरून कोणी जेवण सोडत नाही आणि इथे मात्र वीस गुणांवरून रविवार जातो. एका पेपरात फारच चांगले आले की पुढच्यात थोडे उतरतात, फारच वाईट आले की चढतात, कारण टोकाच्या आकड्यात नशिबाचा वाटा असतो आणि नशीब रोज सारखं नसतं. वाईट पेपरनंतर रागावणाऱ्या पालकांना म्हणूनच वाटत राहतं की रागावल्यामुळे सुधारणा झाली.

वहीचा मोठा उपयोग इथे झाला. आकडा हलत होता, पण चुकांची जात बदलत होती. ‘विचारलं काय ते वाचलं नाही’ या सदरातल्या नोंदी विरळ झाल्या. ‘माझं ज्ञान मध्ये आलं’ अधूनमधून येत राहिलं. ‘वेळ संपत आला’ वाढलं, कारण आता ती प्रश्न शेवटपर्यंत वाचत होती. एकूण गुण जवळपास तेवढेच, आणि तरीही ही मुलगी महिन्यापूर्वीची नव्हती. ताईला हे वहीतून दाखवलं तर ती म्हणाली, "ते ठीक आहे, पण गुण?" तिचंही बरोबर होतं. महाविद्यालयं वही मागत नाहीत.

तीही काय मागतात याचा ताळमेळ नाही, ही आणखी वेगळी कटकट. अमेरिकेतल्या बोडन महाविद्यालयानं प्रवेशासाठी हे गुण देणं १९६९मध्येच ऐच्छिक केलं होतं. २०२०मध्ये साथीच्या काळात परीक्षाकेंद्रंच बंद पडली तेव्हा बहुतेक सगळ्यांनी तेच केलं. कॅलिफोर्निया विद्यापीठानं २०२१पासून गुण बघणंच थांबवलं. एमआयटीनं २०२२मध्ये ते पुन्हा सक्तीचे केले, डार्टमथ महाविद्यालयानं २०२४मध्ये. डार्टमथचं कारण विचार करायला लावणारं होतं: साधनं कमी असलेल्या घरांतली मुलं, आपले गुण कमी पडतील या समजुतीनं, ज्या गुणांनी त्यांचा फायदाच झाला असता ते लपवत होती. एकाच परीक्षेबद्दल मोठमोठ्या संस्थांची मतं अशी चार दिशांना, आणि ‘मग देऊ की नको?’ हा निर्णय सतरा वर्षांच्या मुलीनं घ्यायचा. माझं मत विचाराल तर परीक्षा बरंच काही मोजते, घरात किती पुस्तकं आणि किती शांतता आहे तेही मोजते, आणि दोन्ही एकाच आकड्यात कोंबून देते. तो आकडा निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. मात्र तो एकट्यानं फिरवू नये.

शिकवणीच्या धंद्याबद्दल मी थोडक्यातच बोलते, नाहीतर थांबणार नाही. स्टॅनली कॅप्लननी ब्रुकलिनमध्ये एसएटीची शिकवणी १९४६मध्ये सुरू केली. परीक्षा घेणाऱ्यांचं तेव्हा आणि पुढेही कित्येक वर्षं म्हणणं असं की या परीक्षेची तयारी करून फारसा उपयोग होत नाही. आज तीच संस्था खान अकॅडमी या ऑनलाइन शिकवणाऱ्या संस्थेबरोबर सरावाचं साहित्य फुकट देते आणि सरावाचे पूर्ण पेपरही स्वतःच्या ॲपमध्ये फुकट ठेवते. क्लास लावावा का, असं मला विचारणाऱ्यांना मी उलट विचारते: तिथे चुकलेल्या उत्तरांबद्दल कोणी तुमच्या मुलाशी पाच मिनिटं बोलणार आहे का? बोलणार असेल तर जरूर लावा. नुसते पेपरांचे गठ्ठे मिळणार असतील तर ते घरीही मिळतात.

झोपेवरून आमच्याकडे झालेला तंटाही सांगायला हवा. ताईच्या मते पहाटेचा अभ्यास तो खरा अभ्यास. किशोरवयात शरीराचं घड्याळ मागे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरायला लागतं, त्यामुळे या वयातली मुलं रात्री लवकर झोपू शकत नाहीत आणि पहाटे उठवली की अर्धी झोपेतच असतात. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते असं झोपेचे डॉक्टर सांगतात. हे सगळं मी सांगितलं. ताईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि गजर तिथेच ठेवला. शेवटी वहीनंच निकाल लावला. पहाटे सोडवलेल्या पेपरांपुढे ‘विचारलं काय ते वाचलं नाही’ ठसठशीत दिसत होतं, संध्याकाळच्या पेपरांपुढे नव्हतं. गजर बंद झाला. परीक्षा सकाळीच असते, त्यामुळे शेवटचे काही आठवडे ती हळूहळू लवकर झोपायला लागली, पण ते तिनं ठरवून.

परीक्षा झाली, गुण आले. किती ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचे आहेत. तिला हव्या असलेल्या दोन-तीन ठिकाणी पुरतील असे होते आणि एका ठिकाणी कदाचित अपुरे. ताईचं म्हणणं लगेच आलं: परत बस, सगळे परत बसतात, वाढतात गुण. खरंच पुष्कळ जण परत बसतात. अनेक महाविद्यालयं वेगवेगळ्या खेपांमधले विभागवार चांगले गुण निवडून धरतात, त्यामुळे परत बसण्यात तोटा फारसा नसतो.

भाचीनं उत्तर द्यायच्या आधी वही काढली. शेवटच्या काही पेपरांतल्या चुका तिनं पुन्हा वाचल्या, पेन्सिलीनं खुणा केल्या आणि आम्हाला दोघींना समोर बसवून सांगितलं: आता ज्या चुका उरल्यात त्यांत सवयीच्या फारशा नाहीत. कुठे संदर्भ माहीत नव्हता, कुठे वेळ गेला, कुठे दोन पर्यायांत नाणं उडवलं. पुन्हा बसले तर गुण वाढतीलही, पण ते काट्याचं हलणं असेल, आणि तेवढ्यासाठी अख्खी सुट्टी घालवण्यापेक्षा मला अर्जातले निबंध नीट लिहायचे आहेत. ज्या ठिकाणी गुण अपुरे वाटतात तिथे अर्ज करीनच, नाही म्हणाले तर नाही.

"आणि वाढले असते तर?" ताईनं विचारलं.

"तर वाढले असते."

मी पेन्सिलीला टोक करत बसले. ताईला हे पटायला तीन सेकंदांपेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागला. त्या रात्री तिनं मला फोन करून विचारलं, की पुढच्या खेपेची नोंदणी कधीपर्यंत चालू असते.